दोन बोटं जास्तीची

माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक खोबण आहे. दोरीने दगड झिजतो म्हणतात, तसा आतल्या कपड्याच्या पट्ट्यांनी माझा खांदा झिजला. झिजायला पंचवीस वर्षं लागली.

आमचं शिवणाचं दुकान आहे. एक लांबट खोली, पुढे काउंटर, मध्ये कापायचं टेबल, मागे दोन मशिनी. आम्ही फक्त गणवेश शिवतो. नर्सबायांचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे, बसवाल्यांचे. हे कापतात, मी शिवते. भिंतीवर खिळ्यांना खाकी कागदाचे फर्मे टांगलेले आहेत, बत्तीस नंबरपासून चव्वेचाळीसपर्यंत. फर्मा कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि कापायचं. चव्वेचाळीसच्या पुढच्या गिऱ्हाइकाला फर्मा नाही, त्याच्या चिठ्ठीवर हे ‘स्पेशल’ लिहितात. मी अठ्ठेचाळीस. नवऱ्याच्या दुकानात मी स्पेशल होते ती एवढ्यापुरतीच.

ह्यांची एक सवय साऱ्या बाजाराला माहीत आहे. कुठलंही कापड कापताना शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीची सोडतात, तिला आम्ही सोड म्हणतो. माणूस सुटतं, कापड आटतं, कापलेलं पुन्हा जोडता येत नाही, असं म्हणतात. त्यामुळे आमचा सदरा दहा वर्षांनी उसवून मोठा करता येतो. लोक त्यासाठीच आमच्याकडे येतात. मलाही त्याचा अभिमान होता.

मशिनवर वाकलं की माझा पुढचा सगळा भार कापडावर यायचा. एका हाताने कापड सरकवायचं आणि दुसऱ्याने स्वतःला. संध्याकाळी मानेतून अशी कळ जायची की चहाचा कप उचलतानाही विचार करावा लागे. पालथं झोपून कैक वर्षं झाली होती. छातीखालच्या घामाचं, पुरळाचं सांगत बसत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

शेवटी लेकीनेच विषय काढला. ती परगावी नोकरी करते. फोनवर म्हणाली, “आई, ह्याचं ऑपरेशन असतं. कमी करून देतात. हौस नाही ती, दुखण्याचं ऑपरेशन आहे.”

मी ह्यांना सांगितलं. हे खडूला धार लावत होते. म्हणाले, “बघ बाई. तुझं अंग.”

तुझं अंग. हे शब्द मी नीट घडी घालून ठेवले होते.

नणंद आमच्या शेजारच्याच गल्लीत राहते. ह्यांच्याहून मोठी आहे आणि पाटीसारखी सपाट आहे. तिला कळलं तशी आली आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, “अगं, लोक वाढवून घ्यायला जातात. मला तर मागूनही मिळालं नाही. आणि तू चाललीस टाकून द्यायला?”

“तुम्हाला देते ना वन्सं, पिशवी घेऊन या.”

“चेष्टा नको. पुरुषाच्या जातीला बोलता येत नाही, पण मनात असतंच. माझ्या भावाला विचारलंस का?”

“विचारलं. म्हणाले, तुझं अंग.”

“म्हणायचं म्हणून म्हणतो गं माणूस,” ती म्हणाली, आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे टेपची गुंडाळी करत होते, मन लावून.

डॉक्टरीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केस आखूड, बोटं लांब. मी त्यांच्याकडे जाताना पिशवीत छत्तीस नंबरचा फर्मा घेऊन गेले. दुसरं काय नेणार? टेबलावर पसरला आणि म्हटलं, “मला ह्याच्यात बसवा.”

त्या हसल्या, पण नीट हसल्या. म्हणाल्या, “बायका मासिकातले फोटो आणतात. वीस वर्षांच्या मुलींचे. तुम्ही निदान कागद तरी आणलात.” मग पिशवीतला माझाच टेप घेऊन त्यांनी माझ्या छातीच्या खालून, बरगड्यांवरून माप घेतलं. “पस्तीस. हा तुमचा नुसता पिंजरा आहे. छत्तीस म्हणजे मी त्यावर काहीच ठेवायचं नाही.”

जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली आणि स्वतःचं खालचं माप घ्यायचं राहून गेलं होतं. मला लाज वाटली ती ह्याची, उघडं बसल्याची नाही.

मग त्यांनी समजावलं. सगळं काढता येत नाही, स्तनाग्राला रक्त पोचवणारा भाग जिवंत ठेवावा लागतो. आतल्या कपड्यांच्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्या आकड्यांवर मी शब्द देत नाही, म्हणाल्या. खांदे रुंद आहेत, त्यांना शोभेल एवढं असावं. व्रण राहतील. “आकडा सोडा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काय करता यायला हवं ते सांगा.”

मी सांगितलं. मशिनवर वाकता यावं. पालथं झोपता यावं. आणि भिंतीवरच्या कुठल्यातरी एका खिळ्यावरचा फर्मा मला चालावा.

“कुठला?”

आम्ही दोघींनी घासाघीस केली. भाजीवालीशी करतात तशी. मी अडतीस म्हटलं, त्यांनी मान हलवली. शेवटी चाळीसवर जमलं. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘चाळीसच्या आसपास’. आणि म्हणाल्या, “आसपास हा शब्द विसरू नका.”

“म्हणजे चाळीसच्या वर तर नाही ना जाणार मी?”

“दोन्ही बाजूंना सारखीच शक्यता. पण मी कमीकडे झुकेन. तुमची पाठ बघितली मी.”

मला त्या फार आवडल्या. घरी येऊन चाळीस नंबरचा फर्मा खिळ्यावरून काढला, धूळ पुसली, परत लावला. माझ्यापुरतं ठरलं होतं. छत्तीसचं वेड सोडून चाळीसवर आले होते, म्हणजे मी शहाणी होते.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मला उभं करून अंगावर जांभळ्या पेनाने रेघा मारल्या. मधली रेघ, मग घडीची, मग दोन उभ्या. मी मान खाली घालून बघत होते. हात चांगला होता, कुठे थांबला नाही. ह्यांना सहीसाठी आत बोलावलं. ह्यांनी रेघांकडे पाहिलं. असं पाहिलं की मला एक क्षण टेबलावर पसरल्यासारखं वाटलं. मग सिस्टर म्हणाल्या, “चला मावशी, वजन करू,” आणि मला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. हे कागद घेऊन डॉक्टरीणबाईंजवळ थांबले.

मी परत आले तेव्हा डॉक्टरीणबाई पेन घेऊनच उभ्या होत्या. “थोडं नीट करते,” म्हणाल्या, आणि दोन्ही उभ्या रेघा पुसून आत घेतल्या. किती ते मला नुसत्या नजरेने कळलं. रेघा जवळ आल्या म्हणजे मधलं जाणारं कमी, हेही कळलं. मी कारागीर आहे. पण आमच्या धंद्यात एक शिस्त असते, दुसऱ्याच्या खडूला बोट लावायचं नाही. कापणाऱ्याने रेघ मारली की शिवणारीने ‘का’ विचारायचं नाही, त्याला माहीत असतं. बावीस वर्षं मी ती पाळली. त्या सकाळीही पाळली.

“काही विचारायचंय?” सिस्टरने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

पुढचे महिने सुजेचे. आधी पट्ट्या, मग घट्ट जाळीदार बनियन, मग नुसती वाट बघणं. सूज उतरायला सहा महिने लागतील, तोवर टेप हातात घेऊ नका, असं मला बजावलं होतं आणि मी खरंच घेतला नाही. मान हलकी झाली होती, ते खोटं बोलणार नाही. ह्यांनी त्या दिवसांत मला मशिनवर बसू दिलं नाही. भात करपवला, कपडे पिळले, उशीला उशी लावून मला टेकवून बसवलं. नणंद म्हणाली, “नशीब काढलंस.” तेव्हा मलाही तसंच वाटलं.

सहावा महिना संपला आणि एका दुपारी ह्यांनी माझ्या पुढ्यात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. पांढरा सदरा, नर्सबायांसाठी शिवतो तसा. स्वतः कापलेला आणि स्वतः शिवलेला. हे शिवायला बसत नाहीत, कॉलर थोडी वाकडी होती.

“चाळीस,” हे म्हणाले. “घालून बघ.”

मी आत जाऊन घातला. खालून वर बटणं लावत गेले. छातीवरचं बटण आलं तिथे श्वास धरला. लागलं. ओढ नाही, फट नाही, चुणी नाही. आरशासमोर मी कितीतरी वेळ उभी होते. मग तिथेच रडले, नळ सोडून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

नणंदेने मला फिरवून फिरवून बघितलं. “बसलंय हं अंगावर.”

“चाळीस नंबर,” हे पुन्हा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवस मी तो सदरा घालून हिंडले. तिसऱ्या दिवशी धुतला आणि वाकडी कॉलर नीट करावी म्हणून उलटा केला. इस्त्री फिरवताना बाजूच्या शिवणीवरून बोट गेलं आणि थबकलं. शिवण पातळ लागली. आत कापड नव्हतं. ह्यांनी कापलेला सदरा, आणि आत दोन बोटं जास्तीची नाहीत? ह्या माणसाने आमच्या लग्नातल्या माझ्या कपड्यांतही ती सोडली होती. दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथेही नाहीत.

चाळीसचा फर्मा काढून टेबलावर ठेवला, त्यावर सदरा पसरला. दोन्ही बाजूंनी कापड फर्म्याच्या बाहेर आलं. मोजायची गरज नव्हती, तरी बोटं ठेवली. दोन इकडे, दोन तिकडे. आतली सोड ह्यांनी बाहेर घातली होती. आणि ती भरून काढायला आत मी होते.

आधी मनात चांगलंच आलं. म्हटलं, सूज राहिली असेल, मी हिरमुसू नये म्हणून मोठा केला असेल. मग मन आत घेतलेल्या दोन रेघांपाशी गेलं आणि तिथून हलेना.

तपासणीची तारीख त्याच आठवड्यात होती. मी एकटीच गेले. डॉक्टरीणबाईंनी व्रण पाहिले, छान भरलेत म्हणाल्या.

“त्या सकाळी तुम्ही रेघा आत का घेतल्यात?”

त्या फाइल चाळायला लागल्या. मग थांबल्या. “तुमचे मिस्टर म्हणाले की तुम्हाला थोडं जास्त राहिलेलं हवं आहे. तुम्ही लाजता, तोंडाने सांगणार नाही. दोन बोटं सोडा म्हणाले.” मग म्हणाल्या, “मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय. तुमच्यासमोरच तर रेघ बदलली. तुम्ही काही बोलला नाहीत.”

“नाही बोलले.”

“विचारायला हवं होतं मी. तोंडाने, तुम्हाला.” त्यांनी फाइल मिटली. “अजून कमी करता येईल. पण वर्षभर तरी हात लावू नये. आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून, भूल, टाके, व्रण.”

“कापलेलं जोडता येत नाही,” मी म्हटलं, “आणि राहिलेलं परत कापता येतं. माहीत आहे मला. आमच्याच दुकानातलं वाक्य आहे ते.”

दुकानात आले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. हे टेबलावर कापड पसरत होते. अंगावर मी तोच सदरा घातलेला होता.

“काय म्हणाल्या बाई?”

“व्रण छान भरलेत म्हणाल्या.”

“मग झालं तर.”

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते पण म्हणाल्या.”

ह्यांनी कापडावरची सुरकुती हाताने सारखी केली. नसलेली सुरकुती. “अगं, मी काय वाईटासाठी सांगितलं का? ती बाई कमीकडेच झुकणार होती. एकदा कापलं म्हणजे गेलं. कमी पडलं असतं तर?”

“कुणाला?”

ह्यांनी खडू उचलला आणि परत ठेवला. मी थांबले. रस्त्यावरून एक बस गेली, खिळ्यांवरचे फर्मे हलले आणि पुन्हा भिंतीला लागले.

मी ह्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला. सदऱ्याची बटणं सोडून, तिथेच, काउंटरच्या आत उभं राहून आतल्या बनियनवरून माप घेतलं. आमच्याकडे पद्धत अशी आहे की मी माप घेऊन मोठ्याने सांगते आणि हे लिहितात. बावीस वर्षांत ह्यांचा हात कधी मागे राहिलेला नाही.

“छाती, पावणेत्रेचाळीस,” मी म्हटलं.

हे खाली बघतच होते, आणि कानामागची पेन्सिल आपोआप हातात आली. चिठ्ठीवर आकडा लिहिला. लिहून झाल्यावर ह्यांना कळलं की आपण काय लिहिलं. पेन्सिल कागदावर तशीच टेकून राहिली.

“खालून पस्तीस. खांदा सोळा. लिहा.”

लिहिलं.

“नवा फर्मा लागेल,” मी म्हटलं. “कागद द्या, मी कापते. सगळ्यात खालच्या खिळ्याला लावीन.”

हे खाकी कागदाची गुंडाळी घेऊन आले. टेबलावर उलगडून दिली, दोन्ही टोकांवर कात्र्या ठेवल्या, म्हणजे गुंडाळून येऊ नये. मी खडू घेतला. पहिली रेघ मारताना हे शेजारी उभे होते, आणि सवयच ती, तोंडातून निघून गेलं, “सोड किती ठेवतेस?”

“काही नाही,” मी म्हटलं. “अंगाबरोबर.”