न विचारता सोपं करणारा

कॅनडातल्या वॉटर्लूच्या त्या कंपनीत गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर बनायचं. त्यातला आकडेमोड आपोआप सोपी करणारा भाग लॉर्न बाउमनने लिहिला होता, आणि त्याच्या मते आयुष्यात त्याच्या हातून झालेलं ते एकमेव धड काम होतं. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. आपण गेलो तरी न विचारता सोपं करायचा आपला नियम राहावा, एवढीच त्याची इच्छा. आणि नेमका तोच नियम बंद करा म्हणून इरेना पान्कीव हटून बसली होती. तिला काम शिकवलं होतं लॉर्ननेच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची त्याची हौस जुनीच.

बैठकीत त्याने पडदाभर पसरलेली एक अक्राळविक्राळ बैजिक राशी टाइप केली. बटण दाबताच उत्तर आलं, एक. लॉर्नने असं वळून पाहिलं, जणू एक हा आकडा त्यानेच शोधून काढला होता.

"आता क्षची किंमत शून्य दे," इरेना म्हणाली.

त्याने दिली. उत्तर जागचं हललं नाही.

"अरे, वर क्ष, खाली क्ष. शून्याला शून्याने भागतोयस! उत्तर निघत नाही, असं सांगायला हवं."

"शून्य कोण घालतंय मरायला?"

"परवाच ते पंपवाले घालून बसले. बाहेर पडलेलं पाणी भागिले आत आलेलं पाणी, गळती नाही म्हणून दोन्हीकडे क्ष. पंप होता बंद, आणि आपण छातीठोकपणे सांगितलं, आलं तेवढं सगळं बाहेर पडतंय! त्यांनी किंमत घालायच्या आधीच तू क्षला क्षने कापून मोकळा. दिलेली किंमत घालायची, हे एक काम. सोपं करायचं, हे वेगळं. ते कुणी मागितलं तरच!"

खोली हसली. बोलावं लागू नये म्हणून लॉर्नने बशीतल्या गोड बटर टार्टचा मोठा घास घेतला आणि पाक हनुवटीवर ओघळला. समोरच्याचं पुरतं ऐकायच्या आत 'म्हणजे थोडक्यात काय' म्हणून त्याला तोडायची खोड त्याची स्वतःचीच होती. बिचाऱ्या यंत्राने दुसरं काय शिकावं?

"मतं घेऊ या," साहेबीण नदीन म्हणाली. "नियम आपोआप चालायला नको, असं कोणाला वाटतं?"

पहिला हात लॉर्नचा वर गेला. त्याला फार वाईट वाटत होतं, पण हात खाली घ्यावासा वाटत नव्हता.

बाहेर येताना इरेनाने त्याला गाठलं. "फेकून नाही देत आहोत रे. असणारच आहे तो. फक्त कुणी बोलावलं तर यायचं."

"म्हणजे माझ्यासारखंच की," लॉर्न हसून म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून कुणी बोलावलं तरच यायचं."

"बोलावणार ना! तुझा तो नियम सोडवून वेगळा काढायचा म्हणजे डोकं फिरेल माझं. पहिल्याच सोमवारी ये."

यावर काहीतरी चटपटीत बोलायचं त्याच्या अगदी ओठावर होतं. पण ते गिळून त्याने विचारलं, "किती वाजता?"