अकरा जणांची दातदुखी

मी कवळ्या बनवतो. आमच्या इमारतीत तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्या तोंडाचं माप घेतात, मी मागच्या खोलीत प्लास्टर कालवतो.

त्या आठवड्यात इमारतीत एकदम अकरा जणांचे दात दुखायला लागले. भर उन्हाळ्यात सगळे मफलर गुंडाळून फिरत होते. डॉक्टरीणबाईंनी हौसेने दोन खुर्च्या जास्त मांडल्या, पण आत कुणी येईना. गाल धरून दारावरून जायचे आणि आता उतार आहे म्हणायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनीही दाढ ठणकते म्हणून सांगितलं. त्यांच्या तोंडात एकही दाढ नाही. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या माझ्याच हातच्या आहेत.

सूज कानाखाली होती. ते गालगुंड होतं. लहानपणी मला होऊन गेलंय, त्यामुळे मी ओळखलं.

लोक लपवत होते ते पाटीच्या धाकाने. मागच्या मोठ्या साथीत सेक्रेटरींनी नियम केला होता: घरात रोगी असला की दारावर लाल पाटी, जिन्यावर दोरी आणि लिफ्ट बंद. पहिली पाटी आमच्या दाराला लागली. आत आजारी बायको आणि मी. शेजारी पडद्याच्या दांड्याला पिशवी अडकवून भाजी पुढे सरकवायचे. ती पडल्या पडल्या म्हणायची, "अहो, गळाला लागू नका हं." नवव्या दिवशी ती गेली. दांडा तेवढा उंबऱ्यापर्यंत येत राहिला, माणूस कुणी आलं नाही. मग पाटी पुसून मीटरच्या खोलीत ठेवली, पुढच्या वेळेसाठी.

त्या साथीतून इमारत एवढंच शिकली, की आजारी पडलात तरी चालेल, सापडायचं नाही.

सोमवारी सेक्रेटरींनी नोटीस लावली, खोटी दातदुखी सांगणाऱ्यावर कारवाई होईल. मंगळवारी त्यांच्याच गळ्यात मफलर आला. मोठ्या वयात पुरुषाला गालगुंड झालं, की सूज कधी कधी खालीही उतरते. कुठे ते लिहीत नाही. बुधवारी सेक्रेटरी जिना खेकड्यासारखे उतरले. गुरुवारी उतरलेच नाहीत. त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, घरात दुसरं कुणी नाही.

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. बसू दे म्हटलं आत. दोन तास कामात डोकं घातलं आणि एका कवळीत पुढचे दात मागे बसवले. मग हात धुतले, डॉक्टरीणबाईंच्या फ्रीजमधला बर्फ घेतला आणि वर गेलो.

दार वाजवलं तर आतून आवाज आला, दात दुखतोय, उद्या येतो.

"साहेब, दाताने कुणी खेकड्यासारखं चालत नाही. उघडा."

आत पाय घासल्याचा आवाज आला. मग अगदी दाराशी येऊन त्यांनी विचारलं, "कवळीवाले, पाटी आणलीत?"

"बर्फ आणलाय. वितळायला लागलाय, लवकर करा."

कडी निघाली. सेक्रेटरी लुंगीत, पाय फाकून उभे होते. अंग तापलेलं, ओठ सुकलेले. आदल्या रात्रीपासून पाण्याला उठता आलं नव्हतं. त्यांना धरून पलंगावर निजवलं, पाणी पाजलं आणि ताप बघणाऱ्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी तपासून औषध दिलं. काही दिवस इतरांत मिसळू नका, पण रोज कुणीतरी येऊन बघून जाऊ दे, ज्याला होऊन गेलंय तो बरा, असं सांगितलं. मग विचारलं, इमारतीत आणखी कुणाला आहे का?

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मी बर्फाचं सुटलेलं पाणी ओतायला लागलो.

"दहा जणांना," ते म्हणाले. "माझ्यामुळे कुणी बोलत नाही."

डॉक्टर बॅग उचलून मजल्यामजल्याने गेले. सेक्रेटरींनी सांगितलंय म्हटल्यावर दारं उघडत गेली. आजोबांनी तर कवळी काढूनच दार उघडलं.

मी दोन पिशव्यांत बर्फ भरला आणि एक सेक्रेटरींच्या गालाला लावली.

"वहिनींच्या वेळी मी..." त्यांनी सुरुवात केली.

"बोलू नका, जबडा दुखेल," म्हटलं आणि पिशवी दुसऱ्या गालावर फिरवली. खालची पिशवी त्यांची त्यांनी धरली होती.