गिधाडांचा माड

मित्रांनो, आचोळ्यातल्या एका वाडीच्या बांधावर उभा असलेला मी एक म्हातारा माड. आज माझ्या भोवती इमारती आहेत. मला लावलं तेव्हा मात्र इथून तुंगारेश्वराच्या डोंगरापर्यंत नुसती भातशेती होती.

वाडी दिनानाथांची. त्यांच्या आईने न्हाणीच्या सांडपाण्यावर मला वाढवलं. पुढे मी दरसाल भरभरून नारळ दिले. दिनानाथांच्या पत्नी यमुनाबाई आल्यागेल्याला सांगत, की सगळ्या वाडीत याच माडाचं खोबरं गोड. कौतुक कोणाला नको असतं?

मग नव्वदचं दशक संपता संपता, एका दिवाळीनंतर, गिधाडांची जोडी माझ्या शेंड्यात काटक्या आणू लागली. खरं सांगतो, मला ती आवडली नाहीत. त्यांच्या चुन्यासारख्या विष्ठेने माझ्या झावळ्या करपल्या. अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर एकदा कसलंसं हाड पडलं. शेजारी म्हणू लागले, गिधाड दारात बसलं की घर बसलंच म्हणून समजा. दिनानाथांनी घरटं पाडायला सॅन्टनला बोलावलं. तो वर्षानुवर्षं आमचे नारळ उतरवायचा. सरसर वर चढला आणि तसाच खाली आला.

"दिनादादा, वरती अंडं हाय," तो म्हणाला. "मी नाय हात लावनार."

दिनानाथ चिडले. मग माडच तोडतो, म्हणाले आणि कुऱ्हाडीला धार लावायला बसले. माझ्या मुळांपर्यंत कळ गेली.

सॅन्टनकडूनच बातमी फिरली असावी. दोन दिवसांत उन्नती नावाची मुलगी आली. राहायची चंदनसारला, नोकरी मुंबईत, आणि सुटीच्या दिवशी पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेचं काम करायची. तिने सांगितलं, की एके काळी आभाळ भरून दिसणारी गिधाडं आता पटापट मरताहेत, आणि या भागात घरटी उरलीच नाहीत. घरटं राहू दिलं तर माझ्या न उतरवलेल्या नारळांची किंमत, आणि वर त्रासाबद्दल थोडं काही, संस्था दर हंगामाला देईल.

दिनानाथांना तो अपमान वाटला. गिधाडांचं भाडं खायचं का, लोक तोंडात शेण घालतील, असं बरंच बोलले. यमुनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नारळ विकताना लाजत नाही ना? मग हे पैसे घ्यायला लाज कसली?"

कुऱ्हाड पडवीत परत गेली.

त्यानंतर मी नारळ न देता कमावू लागलो. सॅन्टन चढेनासा झाला. गावात दिनानाथांना 'गिधाडवाले' म्हणत. ते पैसे घेत, यमुनाबाईंच्या हातात ठेवत, पण मान वर करून माझ्याकडे कधी पाहत नसत. मला ते लागायचं.

अशी काही वर्षं गेली. एका फाल्गुनात घरची म्हैस आजारी पडली. डॉक्टरांनी दुखणं थांबवायची इंजेक्शनं दिली, पण ती वाचली नाही. माझ्या शेंड्यात तेव्हा पिल्लू होतं, अर्धीच पिसं फुटलेलं. मेलेलं जनावर माळावर टाकायची आमच्याकडची रीत. टेम्पोही दारात आला होता. पण ते इंजेक्शन घेतलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात, असं उन्नती मागेच सांगून गेली होती. शेजारी म्हणाले, कोणाला कळणार आहे?

त्या दिवशी दिनानाथ माझ्या बुंध्याशी आले आणि पहिल्यांदाच वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग टेम्पो परत पाठवला, कुदळ घेतली आणि वाडीच्या टोकाला खड्डा खणायला लागले. सॅन्टनही आला. उन्हातान्हात दोघे दिवसभर खणत होते. संध्याकाळी उन्नती धावत आली. खड्ड्याची मजुरी संस्था देईल, म्हणाली.

दिनानाथांनी घाम पुसला. "नारळांचे घेतले ते घेतले, पोरी. म्हैस आमची होती."

त्यांचे डोळे ओले होते. ते म्हशीसाठी की दमल्यामुळे, माडाला काय कळणार!

चैत्रात पिल्लू उडालं. तीनदा माझ्याच झावळीवर आदळलं, चौथ्यांदा डोंगराकडे गेलं. पुढच्या दिवाळीला जोडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तीच इंजेक्शनं घेतलेली बाकीची जनावरं बाकीच्या माळांवर पडतच होती. घरटं रिकामं, म्हणून पैसेही थांबले.

सॅन्टन पुन्हा माझ्यावर चढला आणि वरून विचारलं, काटक्या पाडू का?

"राहू दे," दिनानाथ म्हणाले. "त्यांचं काय ओझं होतंय माडाला!"

ओझं होतं, मित्रांनो. पावसाळ्यात त्या काटक्या भिजून जड होतात. पण तुमच्या दारी कधी कोणी असं घर बांधलं, तर पाडायची घाई करू नका. आधी एकदा मान वर करून नीट पाहा. मी सांभाळतोय, तुम्हीही सांभाळा.