तिसऱ्या चाकावरची बादली

रेल्वेच्या तोफा ओळखण्यात अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. कारण साधं होतं. हा उद्योग करणारा जिल्ह्यात दुसरा माणूसच नव्हता.

१९४४ साली मी चुडावा स्टेशनवर तिकीट आणि पार्सलचा बाबू होतो. लढाईच्या बातम्यांचा एक सचित्र अंक तेव्हा दर महिन्याला स्टेशनात फुकट यायचा, मुसाफिरखान्यात लोकांनी चाळावा म्हणून. लोकांच्या हाती तो कधी लागला नाही. त्यातली रुळांवरून चालणाऱ्या प्रचंड तोफांची चित्रं कापून मी एका जुन्या रजिस्टरात चिकटवायचो आणि भिंगातून त्यांची चाकं मोजायचो. प्रत्यक्षात मी अशी एकही तोफ पाहिली नव्हती. एकदा मालगाडीवर ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक दिसलं म्हणून घाईघाईने वर चढलो, तर उसाचा चरक निघाला. आमच्या सौभाग्यवती पार्वतीबाईंचं म्हणणं असं, की घरातली घागर कुठं गळते ते या भिंगातून एकदा बघितलं असतं तर निदान पाणी तरी वाचलं असतं.

मार्गशीर्षात एका सकाळी ग्यानबा धनगर आला. स्टेशनापासून कोसभरावर त्यांची मेंढरांची वस्ती होती. त्याचा थोरला मुलगा रायभान फौजेत खेचरांच्या पलटणीत गेला होता, आणि दोन वर्षांपूर्वी तो बेपत्ता झाल्याची तार आली होती. ती मीच वाचून दाखवली होती. आता दोन वर्षांनी एक पाकीट आलं होतं आणि त्यात नुसता फोटो होता. चिठ्ठी असलीच तर तपासणीवाल्यांनी काढून घेतली असावी, कारण फोटोच्या पाठीवरचा शिक्काही काळ्या शाईने फासलेला होता. फोटोत रायभान खाकी कपड्यांत उभा होता आणि त्याच्या मागे रेल्वेची तोफ होती.

ग्यानबाला एवढंच विचारायचं होतं, की पोरगा आहे की गेला. मी म्हणालो, फोटो ठेवून जा, तोफेची शिनाख्त करावी लागेल. ‘शिनाख्त’, म्हणजे ओळख पटवणं, हा शब्द मी फौजदाराच्या तोंडी ऐकला होता आणि वापरायची संधी शोधत होतो.

फोटोचा माझा तपास अकरा दिवस चालला. पहिल्याच दिवशी तोफ सापडली. फेब्रुवारीच्या अंकात तिचंच चित्र होतं. फ्रान्सची तोफ, जर्मनांनी पकडलेली. तीच शिडी, तीच नळी, आणि तिसऱ्या चाकावर अडकवलेली तीच बादली. बादली पाहून मला असा आनंद झाला की मी स्टेशनमास्तर व्यंकटरावांना झोपेतून उठवून ती दाखवली. त्यांनी एक जांभई दिली आणि बादली आपली आहे का असं विचारलं. रायभानच्या फोटोत मागची दोन चाकं मात्र नव्हती. त्यावर मी रजिस्टरात टीप लिहिली: ‘हलकी जात. दुर्मीळ.’

पुढचे दहा दिवस मी उरलेला पुरावा जमवत होतो. ऑगस्टच्या अंकात त्याच तोफेचं दुसरं चित्र होतं, विमानांनी बॉम्ब टाकून तिचा भुगा केल्यानंतरचं. खाली लिहिलं होतं, आसपासचं कुणीही वाचलं नाही. मी हिशेब जुळवला. रायभान जर्मनांच्या कैदेत, त्यांनी त्याला तोफेवर कामाला जुंपलेलं, तोफ ऑगस्टात नष्ट, म्हणजे रायभानही गेला. शत्रू आपल्या कैद्याचा असा ऐटीतला फोटो काढून त्याच्या घरी पोचता कशाला करील, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही. माझं लक्ष चाकांवर होतं.

ग्यानबाला मी हे सगळं भिंग हातात धरून समजावलं. त्याने पटका काढून मांडीवर ठेवला. मला त्याचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर शिनाख्त बिनचूक झाल्याचं समाधान त्याहून जास्त होतं. फोटो परत द्यायचंही मी विसरलो.

चार दिवसांनी, सोमवारी सकाळी, रायभानची बायको कासाबाई तिकिटाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मी विचारलं, तिकीट कुठलं? तिला तिकीट नको होतं. त्या दिवशी दुपारी वस्तीवर पंच बसणार होते आणि धाकटा दीर भुजंग याच्याशी तिचा पाट लावायचं ठरणार होतं. भुजंगला तिने लहानपणापासून न्हाऊमाखू घातलं होतं. तिला हे नको होतं आणि भुजंगलाही नको होतं, पण बाबूसाहेबांनी रायभान मेला असं सांगितल्यावर पुढे कुणाचं काय चालणार? ती फोटो मागायला आली होती. घरात कुणी तिला तो दाखवलाच नव्हता.

“पाट लागला की त्येचा फोटू जवळ ठिवता येनार न्हाई,” ती म्हणाली. “आजच्या दिस बघू द्या.”

मी रजिस्टरातून फोटो काढून दिला. वर भिंगही दिलं आणि तोफ कशी पाहायची ते सांगू लागलो. तिने भिंग घेतलंच नाही. बराच वेळ ती फोटोकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, अंग भरलंय त्याचं. गाल वर आलेत. हसू दाबायलाय. मी चमकून पाहिलं. रायभान हसतो आहे हे मला अकरा दिवसांत दिसलं नव्हतं. मला तो हसतो की रडतो यापेक्षा तो नळीचा कितवा हिस्सा झाकतो याची चिंता होती.

मग तिने बोट तोफेवर नेलं.

“बाबूसाब, हे कापड हाय.”

मी म्हणालो, लोखंड आहे, शंभर टनांच्या वर.

“कापड हाय. मधी जोड बघा. दोन पट्ट्या शिवल्यात, आमी घोंगडं जोडतो तशा. आन् खाली वाऱ्यानं उडू न्हाई म्हून दगड ठिवलाय.”

मी भिंग लावलं. नळीच्या मधोमध उभी शिवण होती. तिला मी पोलादाचा सांधा म्हटलं होतं आणि त्यावर अर्धं पान लिहिलं होतं. खाली दगड होता. मागची दोन चाकं का नव्हती तेही कळलं, कापड तिथे संपलं होतं. फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा! फौजी लोकांनी पुढे उभं राहून ऐट करावी म्हणून कुणा रंगाऱ्याने तो रंगवला होता, आणि मी त्याची दुर्मीळ जात ठरवली होती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी नक्की वाद घातला असता.

मग बादलीकडे नजर गेली. रंगाऱ्याने अंकातलं चित्र बघून बादलीसकट पडदा उतरवला होता. बादली तिथे दुसऱ्या कुठल्या कारणाने असणारच नाही. आणि ते चित्र छापून आलं होतं या वर्षीच्या फेब्रुवारीत. पडदा त्यानंतरचा, फोटो त्याच्याही नंतरचा, आणि बेपत्ता झाल्याची तार तर दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे यंदा फेब्रुवारीनंतर कधीतरी रायभान कुठल्याशा बाजारात, चांगला गुटगुटीत, पडद्यापुढे उभा होता. जन्मात एकदा माझ्या रजिस्टराचा उपयोग होणार होता, फक्त त्यासाठी मी गाढव आहे हे चारचौघांत सिद्ध करावं लागणार होतं.

मी कासाबाईला हे सांगितलं. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी व्यंकटरावांना खिडकीवर बसवलं, रजिस्टर काखेत मारलं आणि तिच्यामागून वस्तीची वाट धरली. वाटेत दोनदा मनात आलं, की ‘नवा पुरावा हाती आला’ एवढंच म्हणावं आणि पडद्याचं नाव काढू नये. पण पडदा वगळला की बादलीही वगळावी लागत होती, आणि बादलीशिवाय रायभान जिवंत ठरत नव्हता.

पंचांपुढे मी दोन्ही चित्रं ठेवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कासाबाईने शिवण दाखवली. फोटो हातोहात फिरला. घोंगडी ओळखणारी माणसं ती, कापड आहे म्हणायला एकालाही दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. वयाने सर्वांत मोठे पंच होते आश्रुबा. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“म्हंजे बाबूसाब, तुमी अकरा दिस पडदा बघत होता?”

मी होय म्हणालो. कुणी हसलं नाही, याचंच मला जास्त लागलं. ग्यानबाने फोटो उचलला, सुनेच्या हातात दिला, पटका डोक्याला गुंडाळला आणि पाट मोडला म्हणून सांगितलं. भुजंग त्याच पावली उठून मेंढरांकडे पळाला. हसणं नंतर सुरू झालं. मी वस्तीबाहेर पडेपर्यंत मागून ऐकू येत होतं, आणि पुढे दोन वर्षं तिकिटाला येणारा प्रत्येक जण खिडकीच्या पडद्याला हात लावून ‘ही कुठली तोफ?’ असं विचारायचा.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात दुपारच्या पॅसेंजरमधून एक फौजी उतरला. मी त्याचं तिकीट घेतलं. त्याच्या खांद्यावर लोखंडी ट्रंक होती, बरीच मोठी. मी ती फलाटावर उतरवायला लावली, कड्या मोजल्या, पत्र्याची जात पाहिली आणि जादा सामानाचं पावतीबुक उघडलं. तो म्हणाला, बाबूसाब, वळखलं न्हाई का? मी पेन शाईत बुडवत म्हणालो, रोज इतकी माणसं उतरतात, कुणाकुणाला ओळखणार. नाव सांगा.

त्याने नाव सांगायच्या आधीच पलीकडे फाटकाजवळ एक काठी खाली पडली. मेंढरं मोकळी सोडून, उन्हात डोळ्यांवर हाताचा आडोसाही न धरता, कासाबाई रुळांवरून धावत येत होती.

मी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच रायभानच्या तोंडाकडे पाहिलं.