खुर्चीमागचा शिपाई

निवृत्त सुभेदार दीनानाथ शिर्के साताऱ्याहून मुलाकडे ऑकलंडला आले, ते २००६ साल होतं. एका रविवारी मुलाने, रवींद्रने, त्यांना आणि आपल्या बायकोला, विभावरीला, हौशीने एका स्टुडिओत नेलं. तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले लष्करी पोशाख घालून फोटो काढून मिळत.

फोटोग्राफरने रवींद्रला सोनेरी बटणांचा लाल कोट चढवला, खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट दाखवलं. त्यात एक गोरा अधिकारी ऐटीत बसला होता. मागे एक फेटेवाला हिंदी माणूस त्याची हॅट धरून उभा होता.

"डॅडनी तसंच मागे उभं राहायचं, सर्व्हंट म्हणून," असं म्हणत त्याने दीनानाथांच्या हातात हॅट दिली. "स्वीट ॲज! एकदम झकास!"

दीनानाथ भिंतीजवळ गेले. फोटो पाहता पाहता त्यांचा चेहरा लाल झाला.

"रवी, हा नोकर नाही. छातीवर मेडल आहे त्याच्या. लढलेला शिपाई आहे हा! त्याला टोपी धरायला उभा केला, आणि आता मीही तेच करू? तुझ्यामागे?"

"बाबा, गंमत आहे हो. हळू बोला, तो बघतोय."

"बघू दे! मी उभा जन्म वर्दीत काढला. ही गंमत?"

"रवी, ऊठ त्या खुर्चीतून," विभावरी म्हणाली.

"आता एवढा तयार झालोय तर एक फोटो होऊ दे ना."

दीनानाथांनी हॅट मुलाच्या मांडीवर आपटली आणि ते बाहेर पडले. विभावरी त्यांच्यामागे धावली. पार्किंगमध्ये ते गाडीला टेकून उभे राहिले. आत फ्लॅश चमकला.

रवींद्रने तो फोटो फ्लॅट बुश या उपनगरातल्या आपल्या नव्या घरात, हॉलमध्ये लावला. दीनानाथांनी हॉलमध्ये बसणंच सोडलं. ताट घेऊन ते किचनमध्ये जेवायला लागले. दोन दिवस विभावरीने पाहिलं, मग फोटो उतरवून गॅरेजमध्ये टाकला.

"फोटो कुठे गेला?" रवींद्रने विचारलं.

"मी काढला. परत लावलास तर तूही गॅरेजमध्येच जेव."

त्याने तो परत लावला नाही, पण वडिलांची माफीही मागितली नाही. सहा महिन्यांचा व्हिसा संपण्याआधीच दीनानाथांनी परतीचं तिकीट काढायला लावलं. विमानतळावर बापलेक हवेपाण्यावर बोलले. विभावरी वाकून पाया पडली, तेव्हा मात्र त्यांनी तिच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवला.