दातांत धरलेली रवी

ताकाचा आंबूस वास आणि रॉकेलचा उग्र वास एकत्र आले की माझ्यापुढे दादा उभा राहतो: मोटारीच्या उघड्या इंजिनावर ओणवा, डोळे मिटलेला, आणि माझी ताक घुसळायची रवी दातांत धरलेला.

राजापेठेतल्या आमच्या घरामागच्या गोठ्यातून गाई गेल्या आणि मोटार आली. बंद टपाची, चार दारांची, आमच्याकडे येण्याआधीच म्हातारी झालेली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळे आणि सुटे भाग मिळतच नसत. म्हणून तिचा दवाखाना दादाने घरातच मांडला. गळणाऱ्या पंपाला त्याने वातीच्या कापसाची दोरी वळून, ग्रीसमध्ये भिजवून बसवली. पॅकिंगसाठी माझ्या शाळेतल्या फाटक्या नकाशाचा पुठ्ठा कापला, तेव्हापासून अर्धा आफ्रिका खंड त्या इंजिनाच्या सांध्यात दबून राहिला.

मी शाळेत शिकवणारी, भावाच्या घरी राहणारी, याद्यांवर जगणारी बाई. धुण्याची यादी, वाणसामानाची यादी, राहिलेल्या कामांची यादी. दादाचीही एक यादी होती, पण ती गोठ्याच्या दारावर खडूने लिहिलेली असे आणि तिच्यात केवळ ‘का’ विचारणारे प्रश्न असत. ‘थंडीत कावून खोकते?’ ‘डावंच चाक कावून झिजते?’ उत्तर तो लिहीत नसे. सापडले की ओल्या फडक्याने प्रश्न पुसून टाकी. माझ्या यादीत काम संपल्याचे समाधान असे, त्याच्या यादीत मात्र न समजलेल्या गोष्टीविषयीची एक लोभस अधीरता. तिवशाच्या आमच्या संत्र्याच्या बागेतही तो एखाद्या झाडापाशी असाच खिळून राही, जणू फळ एका फांदीला का धरले आणि दुसरीला का नाही, हे ते झाड आता सांगणारच आहे.

धारणीचा एक लाकडाचा ठेकेदार मोटार मागत असे. दादा त्याला दर वेळी एकच सांगे, की जोवर हिचे बोलणे मला समजते तोवर विकणार नाही. समजेनासे झाले की घेऊन जा.

त्या हिवाळ्यात मोटार टकटक करू लागली. कोवळ्या उन्हात भाजी निवडताना मला तो आवाज स्वयंपाकघराच्या दाराशी येई. समोरून येतो आहे, असे मी दादाला दोनदा सांगितले. त्याने मान डोलावली आणि मागचे चाक उघडले. दोन दिवस तो मागचेच उघडत, मिटत राहिला. ठेकेदाराचा निरोप आला, रविवारी येतो म्हणून.

शनिवारी ताकावर तेलाचा तवंग दिसला. रवी घेऊन मी तडक गोठ्यात गेले.

“कावून रे दादा, मोटार घुसळून राह्यला काय?”

तो माझ्या ओठांकडे पाहत होता. मग सावकाश हसला. “लोणी निघालं त तुलेच देईन वो.”

इंजिन चालू ठेवून तो विहिरीवर पाणी आणायला गेला. दांड्याच्या टोकाला दातांच्या खाचा होत्या. मी इकडेतिकडे पाहिले, रवीचे फूल इंजिनावर टेकवले आणि दांड्याचे टोक दातांत धरले. आवाज कानांनी आलाच नाही. तो जबड्यातून चढला, कवटीच्या घुमटात भरला. कानांत बोटे घातली, तर अधिकच स्पष्ट झाला. वर्षानुवर्षे शेजारच्या खोलीतून ऐकलेले माणूस एकाएकी माझ्या आत येऊन बोलू लागावे, तसे वाटले.

मग गोठ्याच्या दाराकडे लक्ष गेले. सर्व प्रश्नांच्या खाली, बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘मले कावून आयकू येत नाही?’

दादा परतला. मी रवी पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली. त्याने दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ती दातांत धरून मागच्या बाजूऐवजी पुढून सुरुवात केली. इंजिनाच्या पाण्याच्या पंपापाशी त्याचे मिटलेले डोळे उघडले. आतल्या दांड्याभोवतीचे पितळी बुश झिजले होते. तांबटाने संध्याकाळपर्यंत नवे घडवून दिले.

रविवारी ठेकेदाराने अंगणात उभ्याउभ्याच विचारले. दादा म्हणाला, “समजते मले अजून. कानानं नाही, दातानं.”

ठेकेदार विनोद समजून पोटभर हसला, चहा पिऊन गेला. मी बाजारातून नवी रवी आणली. त्यानंतर तिवशाच्या वाटेवर मी पुढे, त्याच्या शेजारी बसू लागले. मागून भोंगा वाजला की दोन बोटे त्याच्या मनगटावर ठेवी, आणि रस्त्यावरची नजर न हलवता तो गाडी कडेला घेई. 

आता मोटार नाही, दादाही नाही. दारावरचे बाकीचे प्रश्न त्यानेच पुसले होते; तो एक तेवढा राहिला आहे, फिकट, खडूच्या नुसत्या सावलीसारखा. राहिलेल्या कामांच्या यादीत मी ‘गोठ्याचे दार पुसणे’ असे दर दिवाळीला लिहिते आणि दर दिवाळीला पुढच्या यादीत उतरवते. कधी निवांत दुपारी जुनी रवी दातांत धरून दाराला टेकवते. लाकूड काही बोलत नाही. पण दांड्यावरच्या त्याच्या दातांच्या खाचा माझ्या दातांना अचूक सापडतात, आणि तेवढा वेळ त्याची शांतता मला आतून ऐकू येते.