भिंतीपुढची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खिडकी आहे. ज्या सुताराने मला घडवलं, त्याने मला तीनदा बसवलं आणि तीनदा काढलं. घरमालकीण म्हणत होती, "अजून थोडी रुंद हवी. माझं सगळं काम उजेडावर चालतं."

ती भरतकाम करायची. नवरा बसचालक. दोघांनी पै-पै जोडून हे घर बांधलं होतं. गल्लीत अकरा घरं, सगळी बैठी. सकाळी ऊन आत आलं की ती माझ्यापाशी बसायची आणि एका दमात सुईत दोरा ओवायची. पलीकडच्या अंगणातून शिंपीकाका ओरडायचे, "वहिनी, डोळे आहेत की दुर्बिणी?" त्यांच्या अंजिराची फांदी माझ्या गजांना टेकलेली असे. काय दिवस होते ते!

शिंपीकाका गेले. मुलांनी घर विकलं. अंजीर तुटलं आणि तिथे चार मजली गोदाम उभं राहिलं, माझ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर. भरदुपारी खोलीत दिवा लागू लागला. ट्रक मागे घेतले की माझी तावदानं थरथरत. आमच्या बाईंचे टाके चुकू लागले. उसवायचं, पुन्हा घालायचं. एके दिवशी त्यांनी सुई खाली ठेवली आणि गुपचूप डोळे पुसले.

बसचालक तक्रार घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेले आणि हात हलवत परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुठे घर आणि कुठे गोदाम, असा आपल्याकडे नियमच नाही. जागा त्यांची, मर्जी त्यांची."

मग घर विकायचं ठरलं. एक नवं जोडपं आलं. घर त्यांना आवडलंही. मुलीने हौसेने मला उघडलं, समोर पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही. असे पाच जण आले नि गेले. मला फार अपराधी वाटायचं, मित्रांनो. दोष माझा नव्हता, तरी.

अशात कोपऱ्यावरच्या नर्सबाईंच्या घरावर बॅटरीच्या कारखानदाराची नजर पडली. भावही घसघशीत देत होता. गल्ली आमच्या खोलीत जमली. आवाज चढले.

"माझ्या लेकीचं शिक्षण तुम्ही करणार का?" नर्सबाई कडाडल्या.

"तुझं काही चुकत नाही गं," बाई म्हणाल्या. "फक्त एकदा इथे ये."

त्यांनी मला उघडलं. नर्सबाईंनी हात बाहेर काढला. कोपर सरळ होण्याआधीच बोटं गोदामाच्या भिंतीला लागली. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हात आत घेऊन घरी गेल्या.

आठवड्याने त्यांनी घर एका शिक्षकाच्या कुटुंबाला दिलं, कमी भावात. पुढच्याच महिन्यात दहाही घरांनी वकिलाकडून करार करून घेतला: या जागांवर फक्त राहती घरं असतील, विकली तरीही.

माझ्यापुरता उशीर झाला होता. बाई आता स्वयंपाकघराच्या दारात बसून टाके घालतात, मोठे, सोपे.

मित्रांनो, आपलं घर तर सगळेच जपतात. तुम्ही मोठे होऊन काही बांधाल तेव्हा आधी शेजारच्या घरात जा. तिथे कोण बसतं आणि कोणत्या उजेडात काम करतं, ते बघून या. मगच पायाची आखणी करा.